उठाव मोजायचा कसा? उंदराच्या मेंदूत 'नजरेत भरणं' शोधण्याची रीत

पडद्याच्या मधोमध एक गोल चकती आहे. तिच्यातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उजवीकडे सरकताहेत. चकतीबाहेरच्या पट्ट्याही उजवीकडेच सरकत असल्या, तर उंदराच्या मेंदूतली एक पेशी, जिला फक्त त्या चकतीएवढीच जागा दिसते, जवळजवळ गप्प बसते. आता चकतीला हात न लावता फक्त बाहेरच्या पट्ट्या डावीकडे वळवा. तीच पेशी धडाधड बोलू लागते. तिच्या वाट्याच्या जागेत तसूभरही फरक पडलेला नाही. बदललाय तो शेजार.

हा प्रयोग कसा मांडायचा, त्याची आकडेमोड कशी करायची आणि मुख्य म्हणजे त्यात फसायला कुठे होतं, ते इथे पायरीपायरीने मांडतो. मेंदूविज्ञानात एमएस्सी-पीएचडी करणाऱ्यांना याचा सरळ उपयोग होईल. प्रयोगशाळा हाताशी नसेल पण पायथन येत असेल, तर शेवटची पायरी खास तुमच्यासाठी आहे.

इंग्रजीत ज्याला सेलियन्सी म्हणतात त्याला मी 'उठाव' म्हणणार आहे. रंगाला उठाव येतो, रांगोळीला उठाव येतो, त्या अर्थाने. १८५७ मनात आणू नका.

पायरी १: आधी शब्द पक्का करा

पेशी जोरात बोलली म्हणजे तिथे उठाव आहे, असं समजणं ही सगळ्यात पहिली चूक. पेशी कशानेही जोरात बोलते: उजेड जास्त आहे, पट्ट्या तिच्या आवडत्या दिशेच्या आहेत, उंदीर पळतोय. उठाव ही त्या जागेची एकटीची मालमत्ता नसते, ती जागा आणि शेजार यांच्यातल्या फरकातून येते. पन्नास आडव्या रेघांत एक उभी असली तर ती डोळ्यांत भरते. पन्नास उभ्यांत तीच रेघ हरवते.

ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली माणसांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अशी एकटी वेगळी गोष्ट शोधायला गर्दी वाढली तरी जास्त वेळ लागत नाही. १९८५ मध्ये क्रिस्टोफ कॉख आणि शिमॉन उलमन यांनी कल्पना मांडली की मेंदूत कुठेतरी उठावाचा एक नकाशा असावा. रंग, दिशा, हालचाल अशा वेगवेगळ्या गुणांतले फरक एकत्र करून 'इथे बघ' एवढंच सांगणारा. लॉरां इट्टी, कॉख आणि अर्न्स्ट नीबर यांनी १९९८ मध्ये त्याचं संगणकी रूप दिलं, आणि आजही चित्राचा उठाव-नकाशा काढायचा म्हटलं की पहिला हात त्याच्याकडेच जातो. ली झाओपिंग यांनी २००२ मध्ये वेगळा दावा केला: असा स्वतंत्र नकाशा शोधायची गरजच नाही, प्राथमिक दृश्य कॉर्टेक्स (मेंदूच्या बाहेरच्या आवरणातला दृष्टीचा पहिला भाग) म्हणजे व्ही१ मधल्या पेशींचा प्रतिसाद हाच तो नकाशा. तिथे सारख्या आवडीच्या शेजारी पेशी एकमेकींना दाबतात, त्यामुळे जी वेगळी पडते ती दाबली जात नाही आणि आपोआप वर येते.

या सगळ्यातून प्रयोगासाठी एक कामाची व्याख्या निघते. पेशीच्या रिसेप्टिव्ह फील्डमधलं, म्हणजे तिला दिसणाऱ्या जागेतलं, चित्र जसंच्या तसं ठेवून, फक्त शेजार वेगळा केल्याने तिचा प्रतिसाद वाढला, तरच 'ही पेशी उठाव सांगते' असं म्हणायचं. ही ओळ टेबलासमोर चिकटवून ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्या राखणीसाठी आहेत.

पायरी २: उंदरात कुठे बघायचं ते ठरवा

माकडांवरच्या साहित्यातून आलेला माणूस थेट व्ही१ गाठतो. उंदरात मी आधी सुपीरियर कॉलिक्युलसकडे जाईन. मध्यमेंदूच्या छपरावरचा हा उंचवटा. मासे-पक्ष्यांत त्यालाच ऑप्टिक टेक्टम म्हणतात. उंदराच्या दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी ८५ ते ९० टक्के पेशींचे तंतू इथे पोचतात. माकडात हे प्रमाण साधारण १० टक्क्यांवर येतं. उंदराच्या दृष्टीचा राजरस्ता कॉलिक्युलसमधून जातो. झाओपिंग यांनीही २०१६ मध्ये असाच विचार मांडला, की उठावाचा नकाशा उत्क्रांतीत टेक्टममधून व्ही१ कडे सरकत गेला असावा. मग उंदीर या वाटेवर नेमका कुठे उभा आहे, हा प्रश्न उरतो, आणि म्हणूनच त्याच्यावर प्रयोग करण्यात मजा आहे.

उंदराचे डोळे आपल्यासारखे नाहीत, हे पडदा लावण्याआधी अंगात मुरवून घ्या. त्याला फोव्हिया, म्हणजे दृष्टिपटलावरचा सर्वांत तीक्ष्ण नजरेचा ठिपका, नाही. त्याची दृष्टितीक्ष्णता एका अंशात साधारण अर्धी पट्टी-जोडी, म्हणजे एक काळी आणि एक पांढरी पट्टी वेगवेगळी दिसायला दोन अंश जागा लागते. हाताची मूठ लांब धरली तर ती साधारण दहा अंशांची होते. तेवढ्या जागेत उंदराला जेमतेम पाच जोड्या दिसतील, त्याही अंधुक. आपल्याला सुरेख वाटणारी बारीक नक्षी त्याच्यासाठी राखाडी भिंत असते.

रंगाचाही घोटाळा आहे. उंदराच्या दृष्टिपटलाच्या खालच्या भागात, म्हणजे ज्या भागावर आकाशाची प्रतिमा पडते तिथे, अतिनील प्रकाश टिपणारं ऑप्सिन हे प्रथिन भरपूर असतं; त्याची संवेदना ३६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक. आपले नेहमीचे मॉनिटर तो प्रकाश देतच नाहीत. कॉलिक्युलसचा मध्यरेषेकडचा भाग दृश्याचा वरचा अर्धा पाहतो. तुम्ही नेमकं तिथेच नोंदणी करत असाल आणि साधा मॉनिटर वापरत असाल, तर उंदराला तुम्ही अर्धे डोळे मिटायला लावून बघायला सांगताय. प्रयोग त्यामुळे बाद होत नाही. पण पेशी थंड का, याचं उत्तर शोधताना हे आठवू द्या.

पायरी ३: पडद्यावर काय दाखवायचं

इथे जरा रेंगाळू, कारण नंतर संगणकावर कितीही कसरत केली तरी इथली चूक भरून निघत नाही.

आधी मोजमाप. पडदा डोळ्यापासून २५ सेंटिमीटरवर असेल तर १० अंशांची चकती पडद्यावर साधारण ४.४ सेंटिमीटर व्यासाची होते. हे मध्यावर. कडेला सपाट पडदा डोळ्यापासून लांब जातो, त्यामुळे तेवढीच चकती कोनात लहान पडते आणि पट्ट्या बारीक होतात. म्हणून गोलीय दुरुस्ती करून चित्र काढा. पडद्याचा गॅमाही, म्हणजे संगणकाने दिलेला आकडा आणि पडद्याचा खरा उजेड यांतलं नातं, फोटोमीटरने मोजून सरळ करा. नाहीतर सरासरी राखाडी आणि पट्ट्यांचा सरासरी उजेड जुळत नाही, आणि उत्तेजक (दाखवायचं चित्र) पडद्यावर आला की नुसत्या उजेडानेच पेशी दचकतात.

आता पट्ट्यांची जाडी. व्ही१ च्या कामात अंशाला ०.०४ जोड्या हा आकडा सर्रास दिसतो. म्हणजे एक जोडी २५ अंशांची. १० अंशांच्या चकतीत अर्धी जोडीही मावणार नाही. तिथे 'पट्ट्या' नसतीलच, नुसता उजेड-अंधार होईल. छोट्या चकतीसाठी अंशाला ०.१ जोड्या घ्या, चकती १२ अंशांची ठेवा. सेकंदाला दोन जोड्या सरकवल्या की वेग होतो सेकंदाला २० अंश.

मग यादी. चकतीतल्या पट्ट्यांच्या चार दिशा. प्रत्येक दिशेबरोबर शेजाराच्या आठ दिशा, ४५ अंशांच्या फरकाने. हे ३२ प्रकार झाले. नुसती चकती, बाहेर राखाडी: ४. नुसता शेजार, चकतीच्या जागी राखाडी: ८. कोरा पडदा: १. आणि ज्याला बहुतेक नवशिके फाटा देतात ते ४: चकती आणि शेजार एकाच दिशेने, पण चकतीतल्या पट्ट्या अर्ध्या जोडीने पुढे ढकललेल्या.

हे शेवटचे चार का लागतात ते बघा. दोन्हीकडच्या पट्ट्या एकाच दिशेने आणि जुळून सरकत असतात तेव्हा चकतीची कडच दिसत नाही. सगळा पडदा एकसंध भासतो. शेजार उलटा फिरवला की दिशेचा फरक येतो, पण त्याच्या जोडीला कडही उगवते. पेशी बोलली ती दिशेच्या फरकामुळे की कडेमुळे? पट्ट्या अर्ध्या जोडीने ढकलल्या की कड येते, दिशा मात्र तीच राहते. या दोन प्रतिसादांतला फरक हा खरा दिशेचा फरक.

एकूण झाले ४९ प्रकार. प्रत्येक १२ वेळा, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळून: ५८८ फेऱ्या. एक सेकंद चित्र, दोन सेकंद राखाडी धरले तर २९ मिनिटं आणि काही सेकंद. उंदीर एवढा वेळ शांतपणे निभावतो. त्याच्या दुप्पट केलंत, तर शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही बहुधा पेंगणाऱ्या प्राण्याचा मेंदू नोंदवत असाल.

चार दिशांचा आणखी एक फायदा: प्रत्येक दिशा कधी चकतीत असते, कधी शेजारात. पेशीला डावीकडची हालचालच मुळात आवडते म्हणून आकडा वाढला, ही पळवाट त्यामुळे बंद होते.

पायरी ४: चकती खरंच पेशीच्या फील्डवर बसली आहे का?

सांडणे, हा या विषयातला जुना रोग. पेशीचं रिसेप्टिव्ह फील्ड चकतीपेक्षा मोठं किंवा एका बाजूला सरकलेलं असलं, तर 'शेजार' म्हणून दाखवलेलं चित्र थोडंसं आतच सांडतं. मग उलट्या दिशेच्या शेजाराने प्रतिसाद वाढला याचा अर्थ एवढाच, की पेशीला तिच्या आवडीची दिशा थोडी थेट दिसली. उठावाचा त्यात काही संबंध नाही.

म्हणून मुख्य प्रयोगाआधी फील्ड मोजा. राखाडी पडद्यावर एकेक लहान काळा-पांढरा चौकोन इकडेतिकडे चमकवायचा आणि कुठल्या जागी पेशी बोलते त्याचा नकाशा काढायचा. ज्या पेशींच्या फील्डचा मध्य चकतीच्या मध्यापासून ४-५ अंशांपलीकडे आहे त्या यादीतून काढून टाका. निम्म्याहून अधिक पेशी गळतील. गळू द्या.

दुसरा पहारा म्हणजे 'नुसता शेजार' ही फेरी. चकतीच्या जागी राखाडी असताना पेशी लगेच बोलत असेल तर चित्र सांडतंय. मात्र व्ही१ मध्ये इथे एक गंमत आहे. आंद्रेआस केलर, मॉर्गेन रॉथ आणि मासिमो स्कान्झियानी यांनी २०२० मध्ये दाखवलं की व्ही१ च्या अनेक पेशींना जणू दुसरं रिसेप्टिव्ह फील्ड असतं: मध्ये राखाडी भोक आणि भोवती पट्ट्या असल्या तरी त्या बोलतात, आणि हा प्रतिसाद वरच्या दृश्य भागांकडून परत येणाऱ्या संदेशांमुळे, थोडा उशिरा येतो. म्हणजे नुसत्या शेजाराला आलेला प्रत्येक प्रतिसाद सांडण्याचा पुरावा नाही. लगेच आला तर संशय घ्या, रेंगाळत आला तर बाजूला नोंद करून ठेवा. ही वेळ पकडायची तर इलेक्ट्रोड लागतो; पुढच्या पायरीतल्या कॅल्शियमच्या संथ चमकीतून दहा-वीस मिलिसेकंदांचा हिशेब निघत नाही.

पायरी ५: नोंदणी

भारतात काम करणार असाल तर पहिला कागद संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जातो. या समित्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीच्या नियमांखाली चालतात, जिचं आधीचं नाव सीपीसीएसईए. मंजुरी हातात येईपर्यंत उत्तेजकांचा कोड लिहून, तपासून ठेवता येतो. तो वेळ वाया घालवू नका.

हत्यारं मुख्यतः दोन. जीकॅम्प६ सारखी, पेशी बोलली की आतल्या कॅल्शियममुळे चमकणारी प्रथिनं पेशीत आणून टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकाने एकावेळी शेकडो पेशी बघणं, किंवा न्यूरोपिक्सेल्ससारखा प्रोब (बारीक इलेक्ट्रोडची दांडी) आत सोडून पेशींचे विद्युत ठोके, म्हणजे स्पाइक, थेट मोजणं. पहिल्या न्यूरोपिक्सेल्सच्या १० मिलिमीटरच्या दांडीवर ९६० जागा असतात, त्यांतल्या ३८४ एकावेळी वाचता येतात. एकाच दांडीत वर कॉर्टेक्स आणि खाली कॉलिक्युलस मिळू शकतो. थर कुठला, पेशी उत्तेजक (शेजारणींना चेतवणारी) की अवरोधक (दाबणारी), हे नीट कळायला टू-फोटॉन सोपा. वेळ कळायला प्रोब.

कॉलिक्युलसचा बराचसा भाग कॉर्टेक्सखाली दडलेला असतो. तो सूक्ष्मदर्शकाला दिसावा म्हणून वरचा कॉर्टेक्स काढून टाकायची पद्धत आहे. तसं केलंत तर व्ही१ कडून कॉलिक्युलसला येणारे संदेशही गेले. नोंदीत हे ठळक लिहून ठेवा, कारण उठावाच्या बाबतीत ते संदेश नुसते बघे नसतात. ते पुढे येईलच.

पेशींचे प्रकार वेगळे ओळखू येतील अशी सोय सुरुवातीलाच करा. अवरोधक पेशींना लाल खूण देणारे उंदरांचे वाण मिळतात. सगळ्या पेशी एकाच टोपलीत टाकून सरासरी काढली तर या विषयातलं सगळ्यात सुंदर निरीक्षण हातचं जातं.

पायरी ६: उंदीर काय करतोय तेही मोजा

क्रिस नील आणि मायकल स्ट्रायकर यांनी २०१० मध्ये दाखवलं की उंदीर पळू लागला की व्ही१ च्या पेशींचा दृश्य प्रतिसाद ठळकपणे वाढतो, चित्र तेच असताना. उंदीर ज्यावर पळतो त्या चाकाचा वेग आणि डोळ्याच्या बाहुलीचा आकार प्रत्येक फेरीबरोबर नोंदवा, पळण्याच्या आणि थांबण्याच्या फेऱ्या वेगळ्या ठेवून हिशेब करा.

डोळा सरकणं त्याहून घातक. डोळा सहा अंश सरकला की फील्ड चकतीच्या कडेवर जातं आणि चौथ्या पायरीतली सगळी मेहनत मातीत. शिवाय उठावाच्या चित्राने उंदराला खरंच नजर वळवाविशी वाटली, तर नेमक्या उठावाच्याच फेऱ्यांत डोळा जास्त सरकेल. म्हणजे ही चूक कशीही, दोन्हीकडे पडणारी नाही, तुमच्या अपेक्षेच्या बाजूने पद्धतशीर ढकलणारी आहे. डोळ्याचा व्हिडिओ घ्या, नेहमीच्या जागेपासून लांब गेलेल्या फेऱ्या वगळा, आणि किती वगळल्या ते प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र मोजा.

पायरी ७: आकडेमोड

कॅल्शियमच्या चित्रफितीतून पेशी वेगळ्या काढायला स्वीट२पी सारखी मोफत साधनं आहेत. इथे लक्ष ठेवायचं ते न्यूरोपिलवर, म्हणजे पेशींमधल्या तंतूंच्या जाळ्यातून येणाऱ्या धूसर उजेडावर. रिवाज असा, की पेशीभोवतीच्या वलयाचा उजेड ०.७ ने गुणून पेशीच्या उजेडातून वजा करायचा. बाकीच्या प्रयोगांत हा तपशील असतो. आपल्या प्रयोगात ती दुधारी सुरी आहे. मोठा शेजार दाखवला की आजूबाजूचं सगळं जाळं पेटतं. कमी वजा केलंत तर शेजाराने पेशी वाढल्यासारखी दिसते, जास्त वजा केलंत तर दबल्यासारखी. तेव्हा ०.५, ०.७ आणि ०.९ तिन्ही घेऊन बघा. निष्कर्ष उलटत असेल तर तो पेशीचा निष्कर्ष नव्हेच.

आता निर्देशांक. साहित्यात नेहमी दिसणारा असा: उलट शेजाराचा प्रतिसाद वजा सारख्या शेजाराचा प्रतिसाद, भागिले दोघांची बेरीज. सुटसुटीत आहे, आणि फसवाही. समजा नुसत्या चकतीला पेशीचा प्रतिसाद १ आहे. एका पेशीत सारख्या शेजाराने तो ०.४ झाला, उलट्याने ०.८. दुसऱ्या पेशीत सारख्याने ०.९, उलट्याने १.८. दोन्हींचा निर्देशांक ०.३३. पण पहिली पेशी दोन्ही वेळा दाबलीच जातेय, उलट्या शेजाराने फक्त कमी. दुसरी मात्र नुसत्या चकतीच्या जवळपास दुप्पट बोलतेय. यंत्रणा वेगळी, कहाणी वेगळी, आकडा एकच. म्हणून नुसत्या चकतीच्या तुलनेत दाब किती आणि वाढ किती, हे दोन आकडे वेगळे द्या. शेजाराच्या आठ दिशांचा पूर्ण आलेखही काढा: फरक शून्यापासून १८० अंशांकडे जाताना प्रतिसाद सलग चढतो, की ९० वरच उडी घेतो?

कॅल्शियमचे प्रतिसाद ऋणही येतात. छेदात ऋण आकडा शिरला की निर्देशांक चार-पाच असा काहीतरी वेडावाकडा होतो. अशा पेशींसाठी निर्देशांकाचा नाद सोडून सरळ फरक घ्या.

संख्याशास्त्राबद्दल एवढंच: ८०० पेशी म्हणजे ८०० पुरावे नव्हेत. त्या पाच उंदरांतून आल्या असतील तर उंदीर पाचच आहेत. उंदीर आणि बैठक (एका वेळची नोंदणी) हे थर धरणारं मिश्र प्रारूप वापरा, आणि एकेका पेशीसाठी फेऱ्यांची नावं (कुठला शेजार दाखवला ते) मिसळून, असा फरक नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता काढा.

पायरी ८: मिळालेलं उत्तर कुठे बसतं

जाद बार्चिनी, जिआनहुआ कांग आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं काम हाताशी ठेवा. वरची सुरुवात तिथल्याच निरीक्षणांवर बेतलेली आहे. कॉलिक्युलसच्या अगदी वरच्या थरातल्या उत्तेजक पेशी सारख्या दिशेच्या शेजाराने दबतात आणि दिशेतला फरक वाढत जाईल तसा प्रतिसाद चढत जाऊन थेट उलट्या दिशेला सर्वांत जास्त होतो, नुसत्या चकतीच्याही वर. खोल जावं तशी ही वाढ ओसरते. अवरोधक पेशी मात्र कुठल्याही खोलीवर, कुठल्याही शेजाराने दबतातच. पट्ट्यांचा टप्पा (त्या किती पुढेमागे ढकलल्यात ते), सरकण्याची गती किंवा स्थिर रेघांचा कल (आडव्या, उभ्या की तिरक्या) यांतल्या फरकांचा परिणाम दिशेच्या फरकापुढे फिका पडतो. म्हणजे उंदराच्या कॉलिक्युलसमध्ये उठावाचं मुख्य चलन हालचाल आहे. जमिनीवर वावरणाऱ्या आणि वरून झडप पडण्याच्या भीतीत जगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत यात नवल ते काय! तुमच्याकडे सगळ्या पेशी एकाच टोपलीत असत्या, तर चढणाऱ्या आणि दबणाऱ्या एकमेकींना खाऊन बसल्या असत्या आणि आलेख सपाट दिसला असता.

रेघांच्या कलाचं काय? मेहरान अहमदलू, अझादे तफ्रेशिहा आणि अलेक्झांडर हाइमेल यांनी २०१७ मध्ये जाग्या उंदरांच्या कॉलिक्युलसमध्ये कलाच्या फरकानेही पेशी उठून बोलतात असं दाखवलं, आणि दृश्य कॉर्टेक्स हा उठाव घडवत नसून त्याला आवर घालतो असं मांडलं. माकडावरून काढलेला अंदाज इथे नेमका उलटा पडतो. पाचव्या पायरीत कॉर्टेक्स काढून टाकण्याबद्दल बजावलं ते यासाठी.

व्ही१ मध्ये यंत्रणा बरीच उलगडलेली आहे. हिलेल एडेस्निक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की सोमॅटोस्टॅटिन पेशींना (अवरोधक पेशींचा एक प्रकार) मोठं चित्र आवडतं आणि शेजाराच्या दाबात त्यांचा मोठा वाटा असतो. केलर आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या दुसऱ्या कामात पुढचा दुवा आला: शेजार सारखा असेल तर सोमॅटोस्टॅटिन पेशी जोरात असतात आणि मुख्य (उत्तेजक) पेशींना दाबतात, शेजार वेगळा असेल तर व्हीआयपी पेशी, म्हणजे अवरोधक पेशींचा दुसरा प्रकार, जाग्या होऊन सोमॅटोस्टॅटिन पेशींनाच गप्प करतात, आणि मुख्य पेशी मोकळी होते. दाबणाऱ्याला दाबणं. सातव्या पायरीतल्या त्या दोन पेशी पुन्हा आठवा: वाढ आणि दाबातून सुटका यांतला फरक आकड्यांत जपला नसेल, तर अशा यंत्रणेबद्दल तुम्हाला काहीच बोलता येणार नाही.

कारण तपासायचं असेल तर पार्वाल्ब्युमिन पेशींत (अवरोधक पेशींचा आणखी एक प्रकार) चॅनलरोडॉप्सिन हे प्रकाशाने पेशी चेतवणारं प्रथिन घालून, निळ्या प्रकाशाने व्ही१ गप्प करून कॉलिक्युलस मोजा. फेऱ्या दिवा लावून आणि न लावता, आलटून-पालटून. दिव्याचा उजेड उंदराच्या डोळ्याला दिसणार नाही याची काळजी घ्या. तोही एक उत्तेजकच.

आणि शेवटी वागणूक. मेलिस यिलमाझ आणि मार्कस माइस्टर यांनी २०१३ मध्ये दाखवलं की डोक्यावर झपाट्याने मोठी होत जाणारी काळी चकती उंदराला पळवते किंवा जागीच थिजवते. जेनिफर हॉय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रयोगशाळेतल्या उंदरांना रातकिड्यांची शिकार नजरेच्या जोरावर करताना टिपलं. डोकं बांधलेल्या उंदरात मोजलेला उठाव मोकळ्या उंदराची मान वळवतो का, हे पडताळायला असे साधे प्रसंग पट्ट्यांपेक्षा बरे.

पायरी ९: प्रयोगशाळा नसेल तर

सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने २०१६ पासून उंदराच्या दृश्य कॉर्टेक्सच्या नोंदी सर्वांना मोफत दिल्या आहेत. टू-फोटॉनच्या संचात सहा दृश्य भागांतल्या सुमारे ६०,००० पेशी आहेत. न्यूरोपिक्सेल्सचा संच नंतर आला. ॲलनएसडीके हे पायथनचं पॅकेज बसवलं की फायली उतरवता येतात. आकार मोठा असतो, तेव्हा आधी एकच बैठक उतरवा.

यात आपल्या ४९ प्रकारांसारखी चकती-शेजाराची फेरी मिळेल अशी आशा ठेवू नका. कामाची आहेत ती ११८ नैसर्गिक चित्रं. प्रत्येक पाव सेकंद आणि सुमारे ५० वेळा दाखवलेलं. शिवाय फील्ड काढण्यासाठी विरळ ठिपक्यांची फेरीही आहे. रीत अशी: प्रत्येक पेशीचं फील्ड काढा. प्रत्येक चित्र आधी उंदराच्या नजरेइतकं धूसर करा, म्हणजे अंशाला अर्ध्या जोडीपेक्षा बारीक सगळं पुसून टाका. इट्टी-कॉखचं प्रारूप माणसाच्या नजरेसाठी घडलंय, ते थेट लावलं तर उंदराला न दिसणाऱ्या पानाच्या शिरांवर उठाव दाखवेल. मग धूसर चित्राचा उठाव-नकाशा काढा आणि फील्डच्या जागी त्याची किंमत वाचा.

इथे पहिली पायरी पुन्हा आडवी येते. उठाव जास्त असलेल्या जागी बहुतेक वेळा उजेड-अंधाराचा फरकही जास्त असतो, आणि पेशी त्यालाच भाळलेली असू शकते. म्हणून प्रत्येक पेशीसाठी चित्रांच्या जोड्या लावा: फील्डच्या आतला उजेड आणि कॉन्ट्रास्ट जवळपास सारखा, पण नकाशातला उठाव वेगळा. ११८ चित्रांतून एका पेशीला अशा थोड्याच जोड्या मिळतील, त्यामुळे निष्कर्ष एका पेशीचा न काढता सगळ्या पेशी मिळून काढा.

जोड्यांमधला फरक दिसला की लगेच आनंदू नका. तेच सगळं गणित उठाव-नकाशा डावा-उजवा उलटवून पुन्हा चालवा, जोड्याही नव्याने लावून. नंतर एका चित्राचा नकाशा दुसऱ्याच चित्राला जोडून चालवा. या दोन्ही खोट्या नकाशांवरही फरक तेवढाच टिकला, तर तुम्ही पेशी नव्हे, चित्रं मोजत होतात. चौथ्या पायरीकडे परत जा आणि फील्डच्या जागा पुन्हा तपासा.